सातव्या भागातला हात

"साहेब, सातव्या भागात एक जरी प्रेक्षक खुर्चीत स्वस्थ बसून राहिला, तर मी हा धंदा सोडीन!" तुकडेमास्तरांनी छाती ठोकून सांगितलं.

आता तुकडेमास्तर हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. मुखवटा घालून माणसं मारत सुटलेल्या एका खुन्याच्या सिनेमाचे सहा भाग येऊन गेले होते, आणि सहाही भागांत जे जे तुटलं, फुटलं, सांडलं, ते सगळं यांनी स्वतः बसून बनवलं होतं. कान, बोटं, गुडघे, पाचव्या भागात तर एक अख्खं सासर! म्हणून स्टुडिओच्या दरवानापासून सगळे त्यांना तुकडेमास्तर म्हणायचे. माणूस मात्र इतका मवाळ, की घरात झुरळ निघालं तर आधी बायकोला हाक मारायचा.

"छाती नंतर ठोका," दिग्दर्शक म्हणाले. "आधी हे पत्र वाचा."

पत्र एका प्रेक्षकाचं होतं. त्यानं लिहिलं होतं, 'सहा भागांत सहा जणांचे हात तुटले आणि सहाही जणांची करंगळी वाकडी. ही सगळी माणसं एकमेकांची नातलग आहेत का? असल्यास घरातल्या उरलेल्यांना कुणी सावध का करत नाही?'

खोटं नव्हतंच ते. पहिल्या भागाच्या वेळी एक तुटका हात तातडीनं हवा होता, आणि नेमके त्यांचे वडील जेवणाचा डबा द्यायला आले होते. वडील म्हणजे नळ, कुलपं, शिवणयंत्रं, हातात येईल ते दुरुस्त करणारा माणूस. "बाबा, पाच मिनिटं हात द्या," असं म्हणून मास्तरांनी त्यांचा हात कोपरापर्यंत बादलीतल्या लगद्यात बुडवला, तो पाऊण तासानं बाहेर काढला. मध्येच बाबांच्या नाकाला खाज सुटली, ती मास्तरांनीच खाजवून दिली. साचा मात्र असा उतरला, की शिवणयंत्राच्या पट्ट्यात सापडून वाकडी झालेली करंगळी आणि अंगठ्याजवळचा भाजल्याचा डाग, दोन्ही जसेच्या तसे. मग काय, दर भागात तोच हात! चौथ्या भागात तर त्याला नेलपॉलिश लावून नटीचा हात म्हणून खपवला होता.

तिसऱ्या भागानंतर बाबा गेले. साचा राहिला. त्याच्या कप्प्यावर 'साचा क्रमांक एक' अशी चिठ्ठी होती, आणि मास्तरांच्या तोंडातही तेच बसून गेलं होतं. हात कुणाचा हे ते विसरले नव्हते, फक्त रोज आठवत नव्हतं.

"मास्तर, स्पष्टच बोलतो," दिग्दर्शक म्हणाले. "लोकांना आता रक्त बघून जांभया येतात. सहाव्या भागात ती मान उडाली, तेव्हा माझ्या शेजारचा माणूस फोनवर हवामान बघत होता! सातव्यातला हाताचा प्रसंग तेवढा घ्यायचा राहिलाय, आणि पुढच्या रविवारी सकाळी चाळीस पाहुण्यांना तो भाग दाखवायचाय. ते ओरडले, तर तुम्ही आहात. नाही ओरडले, तर आठव्या भागापासून सगळे तुकडे संगणकावर, आणि तुमच्या खोलीत मी जुने पडदे ठेवीन."

बावीस वर्षं ज्या खोलीत काढली तिथे पडदे! पण हार मानतील तर ते मास्तर कसले!

"साहेब, लोकांना कंटाळा आलाय हे मला मान्यच नाही. पुरावा आहे माझ्याकडे! माझी आई! त्र्याहत्तर वर्षांची बाई, चौथ्या भागापासून एकही भाग सोडलेला नाही. पहिल्या दिवशी पहिला खेळ! आणि दर वेळी डोळे पुसत बाहेर येते! बोला!"

दिग्दर्शकांनी चष्मा वर केला. "असा प्रेक्षक जिवंत आहे? रविवारी घेऊन या त्यांना."

घरी आल्यावर मास्तरांनी ही बातमी मोठ्या तोऱ्यात सांगितली. बायको भाजी चिरत होती. तिनं सुरी खाली ठेवली.

"अहो, काहीतरीच काय! परवा माझं बोट कापलं, तर आईंना भोवळ आली. रक्त मला आलं, पाणी मी त्यांना पाजलं. त्या कशाला तुमचा सिनेमा बघतील?"

"तिथेच तर कला आहे! घरातलं रक्त बघवत नाही आणि माझं बघवतं."

"आणि चौथा भाग बघून आल्या तेव्हा दिवसभर रुमालात तोंड घालून हसत होत्या, त्याचं काय?"

"भीतीनं होतं तसं कुणाकुणाला," मास्तर म्हणाले, आणि विषय संपवला.

आई आपल्या खोलीत चष्मा पुसत बसली होती. रविवारचं ऐकून तिनं एवढंच विचारलं, "त्यात हात आहे ना रे?"

"हात? अगं आई, हात तर असा आहे या वेळी, की बघत राहशील!"

आईनं समाधानानं मान हलवली आणि ठेवणीतली निळी शाल काढून खुर्चीवर पसरली. मास्तरांना भरून आलं. आपल्या कलेची खरी कदर घरातच आहे, असं त्यांना वाटलं.

आणि मग ते झपाटून कामाला लागले. साचा क्रमांक एक आता निवृत्त! नव्या हातासाठी त्यांनी धाकट्या मेहुण्याला गाठलं. मेहुणा व्यायामशाळेत जाणारा, त्याचा हात म्हणजे नुसता खांब. साचा निघाला तेव्हा हातावरचे सगळे केस साच्यातच राहिले आणि मेहुणा जो ओरडला, तो ऐकून मास्तरांनी मनात म्हटलं, सुरुवात तर चांगली झाली. नव्या हातात त्यांनी सात नळ्या बसवल्या. पाच बोटांतून पाच आणि मनगटातून दोन धारा! जुना साचा ठेवायला जागा नव्हती, तो फोडला. जुना रबरी हात टाकाऊ सामानाच्या पोत्यात गेला.

रविवारी सकाळी स्टुडिओच्या छोट्या चित्रगृहात चाळीस पाहुणे जमले. आई तिसऱ्या रांगेत, निळी शाल पांघरून, चष्म्याचं घर मांडीवर घेऊन बसली. मास्तर आणि दिग्दर्शक मागे यंत्राच्या खोलीत काचेआड उभे राहिले. तिथून प्रेक्षकांच्या पाठी दिसत, पण आवाज येत नसे.

पहिला खून झाला. कुणी हललं नाही. दुसऱ्याला एकानं पाय लांब केले. तिसऱ्याला तीन जण एकदम आळोखेपिळोखे देताना दिसले. आई तर डोळे मिटूनच बसली असावी, कारण तिची मान खाली होती. दिग्दर्शकांनी मास्तरांकडे बघितलं. मास्तरांनी काचेकडे बघितलं.

"पडदे जरा जड आहेत माझे," दिग्दर्शक हळूच म्हणाले. "खोलीची जमीन भक्कम आहे ना?"

"हात येऊ द्या साहेब! फक्त हात येऊ द्या!"

आणि हात आला. मुखवटेवाल्यानं कुऱ्हाड उचलली, घातली, आणि साती नळ्या एकदम सुटल्या. मास्तरांनी श्वास रोखला. एक क्षण काही नाही, दोन क्षण काही नाही, आणि मग अख्खं चित्रगृह उसळलं! लोक उभे राहिले! बायकांनी पाय वर घेतले! एक धिप्पाड गृहस्थ खुर्चीवर चढून उभे! दोघं दाराकडे पळत सुटले!

"बघा! बघा साहेब!" मास्तर उड्या मारू लागले. दिग्दर्शकांनी त्यांना कडकडून मिठी मारली. बावीस वर्षांत पहिल्यांदाच! मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. आता बाहेर जाऊन, नम्रपणे मान वाकवून, टाळ्या घ्यायच्या, असं ठरवून त्यांनी केस सारखे केले आणि दार उघडलं.

पडद्याकडे कुणीच बघत नव्हतं. सगळे तिसऱ्या रांगेकडे बघत होते. तिथे त्यांची आई उभी होती.

"हा त्यांचा हात नव्हे!" आई ओरडत होती. "त्यांचा हात कुठाय? कुणी नेला त्यांचा हात?"

झालं होतं ते असं. अंधारात आई उठून ओरडली, तेव्हा शेजारच्या बाईंना वाटलं, म्हाताऱ्या बाईंच्या यजमानांचा लाकडी हात खाली पडला असेल. बिचाऱ्या मदतीला धावल्या. खुर्च्यांखाली वाकून चाचपू लागल्या आणि हाताला लागला तो पुढच्या रांगेतल्या धिप्पाड गृहस्थांचा पाय. "मिळाला!" म्हणून त्यांनी तो ओढला. गृहस्थ किंचाळले, "मला धरलंय!" मागून कुणीतरी ओरडलं, "हात खाली फिरतोय!" पुढचं सांगायला नको.

दिवे लागले. मास्तर खुर्च्यांमधून वाट काढत आईपाशी पोचले.

"आई, अगं काय हे! बस आधी."

"तू म्हणालास हात आहे." आईचा आवाज आता अगदी खाली आला होता. "मी बाकी काही बघत नाही रे. डोळे मिटून बसते. कुऱ्हाडीचा आवाज आला की उघडते. एवढाच वेळ दिसतात ते. आज उघडले तर भलताच कुणीतरी!"

धिप्पाड गृहस्थ खुर्चीवरून हळूच खाली उतरले. तीन वेळा आई सिनेमाला आली, तीनही वेळा त्यांनी तिला विचारलं होतं, "कसं वाटलं काम?" आणि तिनं दर वेळी म्हटलं होतं, "छान होतं, पण थोडकंच होतं." आपण त्यावर पाचव्या भागात रक्त दुप्पट केलं होतं, हे आठवून त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बायकोला बोलावून आईला तिच्याबरोबर घरी पाठवलं आणि मास्तर धावले ते थेट आपल्या खोलीकडे. पोतं रिकामं! झाडलोट करणाऱ्या मावशी दारातच भेटल्या.

"मावशी, पोत्यात एक हात होता..."

"तो होय? चांगला होता म्हणून काढून ठेवला. खिडकी सारखी आपटत होती."

मास्तरांनी वर बघितलं. उघड्या झडपेला खालून टेकू देऊन बाबांचा हात उभा होता. वाकडी करंगळी बाहेर, झडप जागच्या जागी घट्ट. ती खिडकी नीट करायचं मास्तर चार वर्षं नुसतं म्हणत होते. ते तिथेच स्टुलावर बसले आणि पोटभर रडले. मग पाहुण्यांचे अभिप्रायाचे कागद घेऊन दिग्दर्शक आले.

"मास्तर, 'सर्वांत भीतिदायक प्रसंग कोणता?' या प्रश्नाला चाळीसपैकी अडतीस जणांनी लिहिलंय, 'तिसऱ्या रांगेतल्या आजी.' एकानं लिहिलंय खुर्ची टोचते. एक कागद कोरा आहे, तो बहुधा तुमच्या आईंचा."

"म्हणजे माझ्या सात नळ्या?"

"एकही मत नाही." दिग्दर्शकांनी खिडकीतल्या हाताकडे बराच वेळ बघितलं. "सातव्याचा तो प्रसंग पुन्हा घेऊ. तोच हात लावा. आठव्यातही तोच. पत्रवाल्याला मी कळवतो, की हो, नातलगच आहेत. पडद्यांचं बघू पुढे."

संध्याकाळी मास्तरांनी हात स्वच्छ धुऊन, टॉवेलात गुंडाळून घरी नेला आणि आईच्या मांडीवर ठेवला. आईनं करंगळीवरून बोट फिरवलं. अंगठ्याजवळचा डाग रुमालानं पुसून बघितला.

"तुझ्याजवळच राहू दे आई आता," मास्तर म्हणाले. "पुन्हा चित्रण असेल तेवढ्यापुरता नेईन."

"छे! घरात ठेवून काय करू?" आईनं हात पुन्हा नीट टॉवेलात गुंडाळला. "रिकामे बसले की चिडचिड करायचे. चालू असलेलं घड्याळ उघडून ठेवायचे. तिकडे आहेत ते बरं आहे. खिडकी धरतात, सिनेमात काम करतात."

"अगं, पण तिथे त्यांना दर वेळी..."

"ते माहीत आहे मला." आईनं गुंडाळी मास्तरांच्या हातात दिली आणि चष्मा घरात घातला. "तुझ्या त्या मुखवटेवाल्याला एवढं सांग, जरा हळू काप म्हणावं. त्या हाताला संधिवात होता."