हात लावायची खोली

आमच्या शाळेच्या शेवटच्या खोलीच्या दारावर खडूनं लिहिलं आहे : हात लावा. मी त्याच शाळेत पोरांची खिचडी शिजवते. मी चौथीपर्यंत शिकले. तेव्हा शाळेत पृथ्वीचा एक गोल होता, तो कायम कपाटात, कुलपात. त्यामुळे ही पाटी पहिल्यांदा वाचली तेव्हा वाटलं, 'लावू नका'च्या जागी चुकून 'लावा' लिहिलं असेल.

खोली रामटेके बाईंची. भिंगं, चुंबक, सायकलीच्या ट्यूबा, कोंब फुटलेलं धान, मेलेल्या भुंग्याचे पंख, सगळं खाली जमिनीवर, पोरांच्या हाताशी. बाई वर्षानुवर्षं शिकवतात, पण उत्तर देत नाहीत. पोरगं म्हणतं, "बाई, हे काऊन बुडलं?" बाई म्हणतात, "तुले काय वाटते? करून पाह्य." एकदा मी विचारलं, "बाई, जेवल्या का?" तर मलाही, "तुले काय वाटते?" मी चेहरा पाहिला आणि ताट वाढून दिलं.

एकदा माझी मोठी पळी हरवली. खोलीत सापडली. राखेनं घासून लख्ख केलेली, आणि पोरं ओळीनं तिच्यात तोंड पाहत होती. बाईंनी माझ्याही हातात दिली. पळीच्या खोलगट बाजूला मी उलटी, डोकं खाली. पाठीकडून पाहिलं तर सरळ. इतकी वर्षं तिनंच भात वाढला आणि हे मला ठाऊक नव्हतं. त्या दिवशी वाढताना माझं लक्ष ताटात नव्हतं.

मग बाईंनी अंगणात एक खुंटा गाडला. रोज दुपारी त्याची सावली सगळ्यात आखूड होते, तिथं एक दगड ठेवायचा. नेमकी तेव्हाच माझी खिचडी उतरते.

"बाई, थंडी होऊन राह्यली."

"थांब शांता, सावली अजून सरकून राह्यली."

गावातल्या एका म्हातारीनं खुंट्याला कुंकू लावलं, फुलं वाहिली. पोरं खिदळली. बाईंनी पुसलं नाही. म्हणाल्या, "त्यानं सावली हलली का? नाई ना? मंग राहू द्या."

दगड ठेवायचं काम सोनीचं, तिसरीतल्या पोरीचं. तिनंच विचारलं होतं, सावली अशीच आखूड होत गेली तर एक दिवस संपंल का? मी मनात हसले. अंगाची सावली कशी संपेल? पण दगड खुंट्याकडे सरकत राहिले, तशी मला हसू येईना. मीही चुलीवरून उठून पाहायला जाऊ लागले.

अशात सोनीची आई, मंदा, शाळेत आली. घरचे सगळे तेलंगणात मिरची तोडायला निघाले होते, सोनीही. पोरगी खुंट्याजवळ बसून रडत होती.

"हिले माह्याजवळ ठेव," बाई म्हणाल्या.

"तुमच्या घरी चूल तरी पेटते का, बाई?"

"खाऊ शांताच्या हातचं."

"आन् केस? हिचे केस कोण इंचरंल? उवा भरतील डोक्यात."

बाईंनी आपल्याच डोक्यावरून हात फिरवला. शेवटी मंदाच म्हणाली, "उद्या दुपारी गाडी येते. सकाळी तुम्ही हिच्या दोन वेण्या घाला. गाडी येतवर टिकल्या, तं ठेवतो."

शाळा सुटल्यावर मी भांडी घासत होते. बाई येऊन उभ्या राहिल्या. त्यांचे केस पोरासारखे बारीक, शाळेच्या कात्रीनं स्वतःच कापलेले. आम्हाला वाटायचं, विज्ञानवाल्या बाई आहेत, असतील अशा.

"शांता, वेणी कशी घालतात ते सांग मले."

"तुम्हाले येत नाई?"

"माय लहानपणीच गेली. वसतिगृहात उवांपायी सगळ्यायचे केस कापून टाकत. माह्या डोक्याले कोणी वेणी घातलीच नाई."

त्यांनी खिशातून सुतळीचे तीन पदर काढले. खोलीतल्या खिडकीच्या गजाला बांधून करून पाहिलं होतं, जमलं नव्हतं. मी हात धुतले, त्यांच्याकडे पाठ करून बसले आणि अंबाडा सोडला.

भुंग्याचा पंख चिमटीत न मोडता धरणारे ते हात माझ्या केसांत पुन्हा पुन्हा अडकत होते. "दुखते का?" त्या सारख्या विचारत होत्या. मी नाही म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी गाडी आली. मंदानं सोनीच्या दोन्ही वेण्या ओढून पाहिल्या. एक कानाच्या वर, एक खाली, पण सुटल्या नाहीत.

"भांग तं वाकडाच आहे," मंदा म्हणाली. मग तिनं गाडीतून सोनीच्या कपड्यांचं गाठोडं काढलं आणि बाईंच्या हातात दिलं.

गाडी जंगलाच्या वळणाआड गेली. सोनी केव्हाच खेळायला पळाली होती. बाई गाठोडं पोटाशी धरून फाटकातच उभ्या. मी म्हटलं, "द्या, मी आत ठेवते."

त्यांनी दिलं नाही.