हितं अमेरिका चुकलीया

आमच्या शेजारचे हिंदूरावतात्या दिवसातून चार-पाच वेळा तरी अमेरिकेच्या चुका काढतात. तुम्ही म्हणाल, रिटायर माणूस, पेपर वाचत असेल. छे हो! पेपर ते फक्त अंगाखाली अंथरायला घेतात. चुका काढताना त्यांचं तोंडही दिसत नाही, गाडीखालून बाहेर आलेली दोन पावलं तेवढी दिसतात. खालून आवाज येतो, "हितं अमेरिका चुकलीया!" मग हातोडा वाजतो. मग माझ्या पार्लरमधलं गिऱ्हाईक दचकतं आणि त्याच्या तोंडावरच्या वाळलेल्या लेपाला कपाळापासून हनुवटीपर्यंत भेगा पडतात.

त्यांचं अंगण आणि माझं पार्लर यांच्यात कमरेएवढी भिंत आहे. माझ्या नशिबाची भिंत म्हणा ना.

गाडी अमेरिकन. कंपनीचं नाव सांगत नाही, उगाच कुणाला लाज नको. वय तात्यांएवढंच. जयसिंगपूरच्या एका व्यापाऱ्याच्या गोदामामागं पडली होती आणि तिच्यात कोंबड्या अंडी घालत होत्या. जन्मभर फौंड्रीत घाम गाळलेल्या माणसानं आता गप रंकाळ्यावर फिरावं, भडंग खावं, घरी येऊन झोपावं. तात्यांनी हे धूड ट्रॅक्टरला बांधून आणलं आणि गल्लीत वळताना माझ्या पार्लरचा बोर्ड पाडला. वर मलाच म्हणाले, "पोरी, तुझा बोर्ड लईच पुढं हुता."

त्यांच्या बायकोनं, म्हणजे आक्कांनी, खिडकीतून गाडी खालीवर न्याहाळली आणि म्हणाल्या, "त्यापरास म्हस आणली असती तर दूध तरी दिलं असतं."

आक्का गवळ्याघरच्या. आमच्या कोल्हापुरात दिवाळी पाडव्याला म्हशींची मिरवणूक असते. शिंगं रंगवायची, मोरपिसं लावायची, गळ्यात घुंगरं. मालक सायलेन्सर काढलेली मोटारसायकल घेऊन पुढं सुटतो आणि त्या फटफटाटाच्या मागं त्याची म्हैस धावते. दुसऱ्या कुठल्या गावात गाडीच्या आवाजानं म्हशी बिथरतात. आमच्या म्हशींना तेच बोलावणं वाटतं. आक्का लहानपणापासून या मिरवणुकीच्या वेड्या. पण गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि पाय काठीसारखा ताठ राहिला. वाकतच नाही. रिक्षात बसायचं तर पाय बाहेर. पुतण्याच्या नव्या गाडीत बसवायला गेले तर दार लागेना. चार माणसं जमली, कुणी पाय धरतंय, कुणी सीट मागं ढकलतंय, पोरं हसायला लागली. आक्का उतरल्या आणि म्हणाल्या, "आता ह्या घरातनं निघीन ती चौघांच्या खांद्यावरच." तेव्हापासून त्या खिडकीत. पाडव्याला मिरवणूक लांबच्या रस्त्यानं जाते, त्यांना नुसती घुंगरं ऐकू येतात.

आणि नवरा? गाडीखाली! मला असा राग यायचा म्हणून सांगू.

तात्यांनी गाडीत एक गोष्ट जाग्यावर ठेवली नाही. "डायवर डावीकडं बसीवलाय. हितं अमेरिका चुकलीया." स्टेअरिंग उजवीकडं आलं. ब्रेक जुन्या जीपचे, हॉर्न ट्रकचा, मोबाइल चार्जिंगची सोय. रंग वाळवायला माझा हेअर ड्रायर नेला, तो परत आला तेव्हा त्याला रंगाचा उग्र वास येत होता. एकदा तर पार्लरमध्ये गिऱ्हाईक असताना टेप घेऊन आत घुसले. म्हणाले, "पोरी, त्या पेडिक्युरच्या खुर्चीत बस. पाय सरळ कर. अगदी ताठ."

"का? माझा पाय अमेरिकेला पाठवायचाय?"

"गप बस की."

कमरेपासून टाचेपर्यंत मोजलं आणि गेले. गिऱ्हाईक मला विचारतंय, हे कोण? काय सांगणार, कपाळ?

मग एसीवाला आला. त्याचं म्हणणं, जुन्या गाडीत एसीची पेटी डाव्या बाजूला डॅशबोर्डखालीच बसते, दुसरीकडं जागाच नाही. तात्या भडकले. "डाव्या बाजूला पायाच्या जागेत टाचणी बी ठेवायची न्हाई!"

"मग एसी न्हाई बसत, तात्या."

"मग नगं. चहा घे आणि निघ."

एवढं सगळं करून एसीच नाही! मी भिंतीवरून खडसावलं. "तात्या, त्या डबड्याचं कौतुक बास झालं. जरा आक्कांकडं बघा. माणूस खिडकीत वाळून चाललंय."

"बघतोय की," म्हणाले आणि परत खाली गेले. निगरगट्ट! एकच घोशा, पाडव्याला गाडी रस्त्यावर आली पाहिजे.

पाडवा आला. सायलेन्सर उद्यमनगरात दुरुस्तीला टाकलेला आणि कारागीर दिवाळीच्या सुट्टीवर. तात्या थांबतात होय? सकाळी बिनसायलेन्सरची गाडी चालू केली. बाई गं! माझ्या खिडक्यांच्या काचा थरथरल्या. मी फराळाचं ताट घेतलं, म्हटलं ताट देते आणि चार शब्दही ऐकवते. बाहेर येऊन बघते तर गल्लीत म्हशीच म्हशी. मागच्या गल्लीतल्या गवळ्याच्या सजवलेल्या म्हशी तो आवाज ऐकून दावी तोडून आलेल्या आणि गाडीला वेढा घालून उभ्या. गवळी मोटारसायकलवरून बोंबलतोय, "तात्या, बंद करा की ती! माझ्या म्हशी माझ्याकडं बघंनात!"

"बंद केली तर परत चालू हुईल ह्याची ग्यारंटी तू देतोस व्हय?" तात्या ओरडले आणि घरात गेले. मीही मागोमाग.

आत आक्का खुर्चीत बसल्या होत्या, पाय समोर ताठ. तात्या वाकले, आक्कांनी ओवाळलं. तबकात काहीच पडलं नाही.

"ओवाळणी?" आक्कांनी विचारलं.

"भाईर हुबी हाय. आराडतीया. चल, म्हशी बघून येऊ."

आक्कांचा चेहरा पडला. "मी न्हाई यायची. माझा पाय बाहेर काढून गल्लीला तमाशा दावायचा न्हाई."

"एकदा बसून बघ. न्हाई बसलीस तर उद्या भंगारात देतो. तुझी शप्पत."

हा माणूस गाडी भंगारात देणार! मी ताट खाली ठेवलं आणि आक्कांचा काठी नसलेला हात धरला.

दारात म्हशी अडल्या होत्या. गवळी हरला होता. आक्कांनी काठी उचलली, "ह्यॅ! सर बाजूला!" आणि म्हशी मुकाट सरकल्या. तात्यांनी डावं दार उघडलं. केवढं रुंद दार ते! आत पुढं सोफ्यासारखं सलग सीट. आक्का आधी टेकल्या, मग आम्ही त्यांना अलगद फिरवलं. पाय आत गेला. ताठ, सरळ, थेट पुढपर्यंत, आणि तरी टाचेपुढं वीतभर जागा उरली. तात्यांनी दार लावलं. खट्ट.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आक्का आणि मी एकाच उंचीच्या. आक्कांचा पाय मोजला असता तर त्यांनी कारण विचारलं असतं आणि नको म्हणून बसल्या असत्या. मला रडू आलं, खोटं कशाला बोलू? आणि या माणसाला मी निगरगट्ट म्हणत होते!

तात्या खिडकीतून वाकून ती वीतभर जागा बघत राहिले. घामानं निथळत होते. डोळे पुसले की घाम, ते त्यांनाच ठाऊक.

"हितं मात्र," ते म्हणाले, "अमेरिका चुकल्याली न्हाई."

 आक्कांनी नव्या साडीचा पदर डोक्यावरून घेतला, खिडकीतून हात बाहेर काढला आणि म्हशीची पाठ थोपटावी तसं दार बाहेरून थोपटलं.

"चला की आता," त्या म्हणाल्या, "का फुडच्या पाडव्याला निघायचं?"

गाडी निघाली आणि गवळ्याच्या साऱ्या म्हशी आक्कांच्या मागून निघाल्या.