चढावरच्या अठरा मैलांचा दाखला

सन १९३५ च्या जानेवारीत आमच्या नागपूरच्या कचेरीत एक परिपत्रक आले. येत्या मे महिन्यात सरकार नेहमीप्रमाणे उन्हाळ्यासाठी पचमढीला गेले की तिथे सव्वीस मैलांची प्रांतिक लांब धाव होणार होती. प्रत्येक कचेरीने आपला एक सेवक तयार करून पाठवायचा होता. पचमढी डोंगरात असल्यामुळे तयारीही चढावरच व्हावी, असे कलम सातमध्ये स्पष्ट होते: अठरा मैलांची चढाची धाव, एकूण चौदा वेळा, निरीक्षकाच्या नजरेसमोर. पहिला येणाऱ्याची बदली तो मागेल त्या गावी करण्यात येईल, असेही शेवटी लिहिले होते.

निरीक्षक म्हणून माझी नेमणूक झाली. कचेरीत सर्वांत जास्त वेळ एका जागी बसणारा इसम मीच असल्यामुळे धावण्याच्या बाबतीत माझ्याकडून पक्षपात होण्याचा संभव नाही, असे आमचे मनोहररावसाहेब म्हणाले. मलाही ते पटले.

धावायला तयार झाला एकटा विश्वनाथ, आमचा चपराशी. त्याला बदली हवी होती रामटेकला. तिथे गडाच्या पायथ्याशी त्याची आई प्रयागबाई एकटी राहत असे, आणि तिला आताशा डोळ्यांनी दिसेनासे झाले होते.

"बाबूजी, मले तयारीची गरज नाही," तो म्हणाला. "शनवारची गाडी कचेरी सुटायच्या आंधीच सुटून जाते. मंग मी पयतच जातो. अठ्ठावीस मैल. मायले पानी भरून देतो, गड चढून रामाचं दर्शन घेतो, आन् रविवारी पयतच वापस येतो. चार वर्षं झाले."

मी हे साहेबांपुढे मांडले. साहेबांनी चष्मा काढून पुसला.

"कोणाच्या परवानगीने?"

"आईला भेटायला जातो, साहेब."

"म्हणजे खाजगी. वामनराव, परवानगीवाचून धावलेले अंतर हे सरकारदृष्ट्या अंतरच नव्हे. तो चार वर्षे नागपुरातच आहे असे धरा."

मी तसे धरले.

पुढच्या सोमवारी पहाटे आम्ही निघालो. निरीक्षकाने पायी धावावे असे परिपत्रकात कुठेच नव्हते, म्हणून मी भैयाजीचा टांगा ठरवला. रस्ता असा: सीताबर्डीहून फुटाळ्याचा तलाव, तिथून टाकळीची टेकडी, टेकडीला फेऱ्या आणि परत. भैयाजीच्या घोडीचे नाव गोपिका. नाव जरा जास्तच तरुण होते, पण स्वभाव गरीब.

पहिल्याच दिवशी अडचण आली. तलाव ओलांडेपर्यंत विश्वनाथ दिसेनासा झाला. टेकडीवर पोचलो तर हा एका दगडावर बसून बोरे खात होता.

"अरे, नजरेसमोर असं लिहिलं आहे ना?"

"तुमी या म्हून थांबलो होतो, बाबूजी."

"थांबलास तेही दिसलं नाही, धावलास तेही दिसलं नाही. काय लिहू मी?"

ती फेरी रद्द झाली. दुसऱ्या दिवसापासून त्याने टांग्याच्या मागे वीस हातांच्या आत राहायचे ठरले. टांग्याची मागची बैठक मागेच तोंड करून असते, तेव्हा निरीक्षणाच्या दृष्टीने ही व्यवस्था सर्वोत्तम होती. मी मांडीवर दाखल्याचा कागद घेऊन बसलो आणि विश्वनाथ माझ्याकडे पाहत, गोपिकेच्या चालीने, पाय आवरत धावू लागला. इतक्या हळू धावण्याची सवय नसल्याने त्याच्या पोटऱ्यांत गोळे आले. मी माझा हिंगाचा खडा त्याला दिला. माणुसकी सोडून नियम पाळावा, या मताचा मी कधीच नव्हतो.

चढावर गोपिका थांबली.

"काय झालं गा, भैयाजी?"

"दम लागून राह्यला तिले. मानूस असती तं रजेचा अर्ज केला असता."

"पण अठरा मैल व्हायचे आहेत."

"तं उतरा तुमी."

उतरलो असतो तर निरीक्षक पायी आणि टांगा रिकामा, असा तिसराच प्रकार झाला असता. शेवटी विश्वनाथ म्हणाला, "बसा बाबूजी, मी ढकलतो." आणि त्याने खरोखर मागून खांदा लावला. अशी टेकडी चढली. दुसरी फेरीही तशीच चढली. हळूहळू गोपिकेलाही हे समजले, आणि चढ दिसला की ती आपणहून थांबू लागली.

माझी मात्र एक घाई असे. महाल भागातल्या राममंदिरात तेव्हा बाबारावबुवांची कीर्तने चालू होती, आणि माझा एक दिवस चुकला तर मला अन्न गोड लागत नाही. पहाटे निघालो तरी दिवेलागणीपर्यंत परतणे मुश्किलीचे होई. त्या संध्याकाळी मी धुळीच्या कपड्यांनीच जाऊन बसलो. बुवा गजेंद्राचे आख्यान लावत होते. नक्राने पाय धरलेला, गजेंद्राने हाक मारलेली. बुवांनी झांज थांबवली आणि हळू आवाजात म्हणाले, "देव कसा निघाला? गरुड जुंपायला वेळ लागेल म्हणून देवाने वाहन सोडलं हो. अनवाणी धावला. वाटेत काटा टोचला का, कोणी बघायला नव्हतं." माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या. शेजारच्याने आपला पंचा दिला. बाहेर आलो तर टांग्याशी विश्वनाथ उभा. त्याच्या पायात काटा होता, तो टांग्याच्या कंदिलाच्या उजेडात काढत होता.

"ऐकलंस का रे? काय आख्यान झालं."

"इथूनच ऐकलं, बाबूजी. धुयीचे पाय घेऊन आत कसा येऊ?"

त्याची ही श्रद्धा पाहून मी पुन्हा गहिवरलो आणि टांग्यात बसलो.

एप्रिलअखेर चौदा फेऱ्या पुऱ्या झाल्या. मी दाखले साहेबांपुढे ठेवले. साहेबांनी ते दोनदा वाचले.

"वामनराव, चढावर हा धावत होता की ढकलत होता?"

"ढकलत होता, साहेब."

"मग ते श्रमाचे काम. खेळ नव्हे. चढाचे मैल वजा करा."

केले. उरला उतार.

"परिपत्रक चढ मागते आणि याच्याकडे फक्त उतार आहे. ठीक. आता मला सांगा, अठरा मैल, चौदा वेळा, चढासकट, निरीक्षकाच्या नजरेआड न जाता कोणी पुरे केले?"

मी विचार केला. "गोपिकेने, साहेब."

"ती सरकारी सेवक आहे?"

"नाही. रोजाने आहे."

"आणखी कोण?"

आणखी मीच होतो. निरीक्षक स्वतःच्या नजरेआड जाऊ शकत नाही, ही गोष्ट साहेबांनी मला समजावून सांगितली तेव्हा त्यात खोट काढता आली नाही. अशा रीतीने आमच्या कचेरीतर्फे सव्वीस मैल धावण्यासाठी माझे नाव गेले. सोबतीस पाणी देणारा एक चपराशी मंजूर झाला.

घरी माझी बायको रुखमाबाई भाकरी थापत होती. तिने ऐकून घेतले आणि तवा उतरवला.

"तुम्ही? परवा पाटावरून उठताना दोघांनी हात दिला."

"अगं, कागदावर तयारी पूर्ण आहे."

"मग कागदालेच पाठवा ना. तुम्ही काहून जाता?"

बायकांना कचेरीच्या गोष्टी समजत नाहीत, असे मी तेव्हा मनात म्हटले. आता म्हणत नाही.

पिपरिया स्टेशनावर उतरून आम्ही पचमढीला पोचलो. हवा फार छान. धावेच्या सकाळी माझ्या कोटाच्या पाठीवर टाचणीने अकरा नंबरचे कापड लावले. विश्वनाथच्या एका हातात तांब्या, दुसऱ्यात माझी छत्री. तोफ झाली. विठ्ठलाचे नाव घेऊन मीही निघालो. पहिला मैल उताराचा होता, त्याबद्दल देवाचे आभार मानले. दुसऱ्या मैलावर एक आंब्याचे झाड होते. मी तिथे टेकलो. उकडत होते म्हणून कोट काढला. विश्वनाथचे दोन्ही हात गुंतलेले, तेव्हा तो मी त्याच्याच अंगात चढवला.

"विश्वनाथ, जरा पुढे जाऊन बघून ये, अजून किती आहे ते."

"कुठपर्यंत बघू, बाबूजी?"

"संपेपर्यंत बघ."

तो माझ्याकडे क्षणभर पाहत राहिला. मग गेला. तीन महिन्यांत सरकारी धावेत प्रथमच त्याच्यापुढे टांगा नव्हता. पहिल्याच वळणावर छत्री दिसेनाशी झाली, आणि मला डोळा लागला.

जाग आली ती जंगलखात्याच्या एका शिपायाच्या हाकेने. अकरा नंबर पहिला आला होता आणि अकरा नंबरचे वामनराव कुठे आहेत, याचा शोध चालला होता. त्याने मला तट्टावर बसवून धाव संपते तिथल्या मांडवात आणले. तिथे कोपऱ्यात विश्वनाथ उभा होता, अंगात माझा कोट, तांब्यातले पाणी अजून अर्धे शिल्लक. मांडवातल्या अधिकाऱ्याने नोंद वाचून दाखवली: "पहिला, क्रमांक अकरा, वामनराव. पाणी देणारा चपराशी, वेळेपूर्वी हजर."

मी खरे सांगणारच होतो. पण तेवढ्यात गळ्यात हार पडला, आणि हार घातल्यावर असे काही बोलणे म्हणजे घालणाऱ्याचा अपमान. तरी मी मनाशी पक्के केले, की बदली मागेन ती विश्वनाथसाठीच मागेन. अधिकाऱ्याने विचारले, "कोणते गाव?" मी म्हणालो, "रामटेक." कोपऱ्यात विश्वनाथने डोळे मिटून हात जोडले. पुढे "ह्या माझ्या चपराश्यासाठी" असे म्हणायचे होते. बँड सुरू झाला.

आठ दिवसांत हुकूम आला. माझी रामटेकला बदली. विश्वनाथची नागपुरात गरज वाढल्यामुळे त्याच्या बदलीचा अर्ज पाच वर्षे विचारात घेता येणार नाही. मी साहेबांना भेटलो, अर्ज केला, पुन्हा केला. साहेबांनी माझ्या दयाळूपणाची नोंद माझ्याच सेवापुस्तकात केली.

सामान बांधताना रुखमाबाई एवढेच म्हणाली, "पयाला तो, पोचले तुम्ही."

आता मी रामटेकला असतो. हवा चांगली आहे, देऊळ जवळ आहे. नागपूरची माझी टपाल-थैली दर शनिवारी विश्वनाथ घेऊन येतो, पळतच, आणि आता ते सरकारी अंतर असल्यामुळे प्रत्येक मैल मोजला जातो. सरकारी फेरीत खाजगी काम करता येत नाही, म्हणून थैली देऊन सही घेतली की त्याला लगेच परत फिरावे लागते. प्रयागबाईचे पाणी मी माझ्या गड्याकडून भरून घेतो. रविवारी तिच्या ओट्यावर जाऊन बसतो आणि सांगतो, "काल येऊन गेला तुझा विश्वनाथ." ती विचारते, "वाळला का गा माह्या पोरगा?" मी म्हणतो, "नाही, चांगला आहे." मग तिला गजेंद्राचे आख्यान सांगतो. देव वाहन सोडून धावला, इथे आलो की आम्ही दोघेही रडतो.

तुम्हीही हे बसूनच वाचलेत ना? मध्येच एखादे वेळी डोळे पुसले असतील, तर संकोच करू नका. नऊ भक्तींमध्ये श्रवण ही पहिली, आणि ती तुमची-माझी आज पुरी झाली. उरलेल्या आठांसाठी माणूस नेमलेला आहे. शनिवारी येतो.