उमाकाकूंचा परीक्षक

आमच्या गाझियाबादच्या सोसायटीत संगीताची परीक्षा एका बहिऱ्या माणसाचा पाय घेतो. हे मी रागाने लिहीत नाही. तीनदा नापास झालेला विद्यार्थी म्हणून नुसती नोंद करून ठेवतो.

पाय नानांचा, क्लास उमाकाकूंचा. काकू माझ्या शेजारच्या. वय बहात्तर. दिल्लीच्या शाळेत आयुष्यभर गणित शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर लोक तीर्थयात्रेला निघतात तशा त्या लॅपटॉप शिकायला निघाल्या. आता अंबाड्यावरून हेडफोन चढवून त्या पियानो शिकवतात, आणि वाजवलेलं रेकॉर्ड करून त्याचा ट्रॅक कसा बांधायचा तेही शिकवतात. फी विचारली तर "छंद आहे माझा, ट्यूशन नाही!" म्हणून अंगावर येतात.

त्यांचा जुना पियानो लिफ्टमध्ये मावेना, तेव्हा सहा हमालांकडून तो त्यांनी जिन्याने नवव्या मजल्यावर चढवून घेतला. स्वतः पुढे उभ्या राहून ताल देत होत्या. सातव्या मजल्यावर एकाचं पाऊल चुकलं, तर म्हणाल्या, "रुको! फिर से, एक से!" हमालही निमूटपणे एकपासून चालले.

आणि कान! एकदा मी माझ्या घरी कीबोर्डवर सराव करत होतो. मध्ये भिंत. फोन वाजला. "उजव्या हाताची करंगळी झोपलीय तुमची." बघतो तर खरंच झोपली होती. अशा बाईपुढे माणूस हात जोडण्यापलीकडे काय करणार?

पण एवढ्या कानाच्या बाईने परीक्षक म्हणून नेमले ते आपले यजमान. नानांना फार कमी ऐकू येतं. कानातलं मशीन ड्रॉवरमध्ये, कारण "त्यात सगळे भांडल्यासारखे बोलतात". त्यांची खुर्ची पियानोला चिकटवलेली, तोंडापुढे पेपर, पाय अनवाणी. आपला ट्रॅक तयार झाला की काकू तो मोठ्याने लावतात आणि नानांच्या उजव्या पायाकडे बघत बसतात. पायाने ठेका धरला तर पास. नाही धरला तर पुन्हा.

खालच्या मजल्यावरच्या सिमरनने एकदा धीर करून विचारलं, "आंटी, अंकल को तो सुनाई ही नहीं देता."

"पैर को देता है. आगे बजाओ."

माझा ट्रॅक आईसाठी होता. रविवारी तिला ऐंशी पूर्ण होणार होती आणि ती आमच्याकडे येत होती. पोळ्या लाटताना ती जी चाल गुणगुणते, ती मी दोन महिने बसून बांधली होती. पहिल्यांदा पाय हलला नाही. मी वर बासरी घातली. नाही. बासरीवर घुंगरू घातले. नानांनी पेपरचं पान उलटलं.

शनिवारी सकाळी माझा तोल गेला. "काकू, बस झालं यार! उद्या आई येतेय आणि तुम्ही मला बहिऱ्या माणसाकडून पास करून घेताय!"

बोललो आणि जीभ चावली. काकू रागावल्या नाहीत. हेडफोन काढून त्यांनी माउस हातात घेतला. घुंगरू उडवले, बासरी उडवली. चाल एक सप्तक खाली आणली. पाय गप्प. आणखी एक सप्तक खाली. आता ती चाल जमिनीतून आल्यासारखी घुमायला लागली. नानांचा अंगठा हलला, आणि मग सगळा पाय.

"हे बरंय," पेपरमागून नाना म्हणाले. "हे आधी का नाही लावलं?"

काकूंनी पियानोच्या एका पट्टीवर बोट ठेवलं. "मागच्या दिवाळीला इथपर्यंत ऐकू यायचं त्यांना. आता इथपर्यंत." बोट वीतभर डावीकडे, खालच्या स्वरांकडे सरकलं होतं. "वरचे स्वर गेले. खालचेही जातील म्हणतात डॉक्टर."

"मग त्यांनाच विचारायचं ना, ऐकू येतंय का म्हणून?"

"विचारलं तर हो म्हणतात हो. माझं मन राखायला. लग्न झाल्यापासून रोज माझं वाजवणं ऐकलंय या माणसाने. ऐकल्याचं सोंग अगदी छान जमतं त्यांना. पायाला नाही जमत. माझं एकटीचं पोचेना झालं, तेव्हा तुम्हा सगळ्यांना गोळा केलं. म्हटलं, कुणाचं तरी पोचेल."

बोलता बोलता त्यांनी सगळ्यात डावीकडच्या पट्टीवर बोट टेकवलं, पण वाजवली नाही. "याच्यापुढे नुसतं लाकूड आहे," म्हणाल्या.

मला रडूच आलं. मघाचे माझे शब्द मला आता ऐकवत नव्हते. "काकू, मी सोमवारपासून रोज येतो," एवढंच कसंबसं म्हणालो.

"या ना, रोज या," काकू म्हणाल्या. "पण डावा हात तयार करून या."