वणवा दिसल्यास पंजा वर करा

एका जंगलात, बाळांनो, नेटवर्क आलं. पाणवठा आटला होता, पण नेटवर्क आलं. मग काय विचारता! सिंहमहाराजांनी हुकूम सोडला: सगळ्या प्रौढ प्राण्यांनी वणव्याचं ऑनलाइन प्रशिक्षण घ्यायचं.

शिकवायला मैनाताई. शहरातून कोर्स करून आलेली. तिथे तिला मंत्र मिळाला होता, की मोठ्या माणसांना उत्तर द्यायचं नसतं, त्यांच्याच तोंडून काढायचं असतं.

साळूबाई साळिंदरीचं बीळ वाळल्या गवतात. पोटाशी दोन पिल्लं. तिने पहिल्याच मिनिटाला विचारलं, "ताई, वणवा आला तर पोरांना घेऊन कुठल्या बाजूला पळू?"

"अगंबाई, किती छान प्रश्न! पण आधी ओळख. तुम्ही फळ असता, तर कोणतं असता?"

ससोबा म्हणाले, बोर. हत्तीण म्हणाली, करवंद. सगळे खिदळले. साळूबाईने कपाळावर हात मारून घेतला.

मग गट पडले. गटागटाने वणव्याची चित्रं काढली. मग जागच्या जागी नाच झाला.

"ताई, ते बाजूचं..."

"पंजा वर करून बोला हं! बरं, त्यावर मतदानच घेऊ."

बहुमत डोंगराकडे पडलं. वरून देखावा छान दिसतो, असं ससोबांचं म्हणणं.

"मग हे बरोबर का?" साळूबाईने विचारलं.

"इथे चूक-बरोबर काही नसतं. सगळीच उत्तरं सुंदर!"

तेवढ्यात जळका वास आला. साळूबाई किंचाळली, "अहो, धूर! धूर!"

"वा! याला म्हणतात सहभाग! टाळ्या!"

सगळ्यांनी टाळ्यांची चित्रं पाठवली. साळूबाईने मोबाइल भिरकावला. धूर डोंगराकडे चालला होता, म्हणून ती पोरांना घेऊन उलटी, खाली ओढ्यात पळाली. भीतीने रडत रडत पळाली बिचारी, पण पोरं वाचली.

ससोबा बहुमताने डोंगरावर गेले. ते काही परत आले नाहीत. त्यांचं प्रमाणपत्र मात्र आलं, सोनेरी किनारीचं. त्यांच्या बायकोने ते जळक्या बिळाच्या तोंडाशी ठेवलं.

साळूबाईला प्रमाणपत्र नाही. प्रशिक्षण अर्धवट सोडलं ना! महाराजांनी तिला पुन्हा बसवलं.

"ताई," ती हात जोडून म्हणाली, "आता तरी सांगा. कुठल्या बाजूला पळायचं?"

मैनाताई गोड हसली. "तुम्हाला काय वाटतं?"

तात्पर्य: बाळांनो, जीव वाचवणारा नापास होतो. म्हणून शहाण्याने शेवटपर्यंत बसावं आणि आग शेपटीला लागली तरी आधी पंजा वर करावा.