भाजलेलं मानपत्र

सरोजिनीबाईंनी आखलेलं काम फसत नाही, हे लोणावळ्यात सगळ्यांना ठाऊक होतं. मुलींच्या शाळेत त्या शास्त्र शिकवत. त्यांच्या वर्गात काचेची नळीसुद्धा परवानगीशिवाय तडकत नसे! तेव्हा त्र्यंबकमास्तरांच्या सत्काराचं काम त्यांच्याकडे आलं आणि बाकीचे निर्धास्त झोपले.

त्र्यंबकमास्तर पोटापुरते चित्रकलेचे मास्तर. जीव सगळा मातीत. दर रविवारी त्यांच्या परसात फुकट वर्ग भरे. रेल्वेतले खलाशी, भुशीच्या बाया, शाळेतली पोरं, जो येईल त्याचे हात मास्तर मातीत घालत. शिष्यांची भांडी कशी खणखणीत! आणि मास्तरांची स्वतःची? एकजात गळकी. त्यांच्या सुरईत सकाळी भरलेलं पाणी दुपारी जमिनीवर शोधावं लागे.

आता पेन्शन झाली, तशी भट्टी मोडून साताऱ्याला लेकीकडे जायचं त्यांनी ठरवलं होतं.

"सत्कार?" ते सरोजिनीबाईंवर उखडले. "माझं एक मडकं गळायचं थांबू दे, मग कर सत्कार! जन्म चिखलात गेला माझा. दाराशी हार घेऊन आलात, तर मागच्या दारानं निघून जाईन!"

बाईंना शास्त्राची गोडी लागली ती याच परसात. माती भाजल्यावर लाल का होते, असं त्यांनी लहानपणी विचारलं होतं. मास्तरांना उत्तर आलं नव्हतं. "शोध, आणि मलाही सांग," म्हणाले होते. असा माणूस जन्म फुकट गेला म्हणत गाव सोडणार, हे बाईंना सोसवेना.

मग सगळं गुपचूप ठरलं. शिष्यांनी मातीच्या पाटीवर मानपत्र कोरलं आणि भुशीच्या रस्त्यावरच्या महिपती कुंभाराच्या भट्टीत घातलं. पहिल्या दोन पाट्या बाहेर काढताच थंडीच्या वाऱ्यानं तडकल्या.

"एकदम निवतात म्हणून," बाईंनी कारण काढलं. "तिसरी गरम राखेतूनच मास्तरांच्या दारी न्यायची!"

तिसरी पाटी मोठ्या मडक्यात, राखेत पुरली. ऊब राहावी म्हणून वर धुमसत्या गोवऱ्या ठेवल्या. मडकं हाताला चटके देई, म्हणून ते शिंकाळ्यात घालून सोपान खलाशाच्या हाती दिलं.

"सोपान, तू पुढं चाल. बाकीचे हार घेऊन मागं. आणि कुणी अवाक्षर बोलायचं नाही! मास्तरांना चाहूल लागता कामा नये."

सोपान घुटमळला. "बाई, ह्ये आसं म्होरं मडकं धरून..."

"प्रश्न नकोत, सोपान! राख निवते आहे."

उष्णतेचा विचार झाला होता, वाऱ्याचा झाला होता, अंतराचाही झाला होता. धुराचा तेवढा राहिला!

मंडळी बाजारपेठेत शिरली. आघाडीला शिंकाळ्यातलं धुमसतं मडकं, मागं हातात हार घेतलेली, खाली माना घातलेली मुकी माणसं. टांगेवाल्यानं घोडा आवरला. चिक्की-गुडदाणीवाल्यानं दुकानाच्या फळ्या लावल्या आणि हात जोडले.

"कोन गेलं रं?"

"मास्तरांची पोरं दिसत्यात समदी."

"आरं द्येवा! म्हंजी मातीचं मास्तर?"

"बाया बी निघाल्यात की!"

"शिकल्याल्या हायेत त्या."

"आन् तिरडी कुटं हाय?"

"गेली आसंल म्होरं. धुकं किती हाय बग!"

रांग वाढत चालली. बाईंनी मागं वळून पाहिलं आणि त्यांचा ऊर भरून आला. बातमी फुटलेली दिसते. पण शिस्त काय लोकांची! एवढ्यात रांगेच्या शेपटाकडून हुंदका आला. भाजीवाली झुंबरबाई! बाई ओठांवर बोट ठेवून मागं धावल्या, पण गर्दीत अडकल्या.

झुंबरबाईशेजारी कानटोपी-मफलरात गुरफटलेला एक माणूस चालला होता. हातात सामान बांधायच्या दोराचं नवं भेंडोळं.

"कोण गेलं हो?" त्यानं विचारलं.

"मास्तर गेलं वो, मातीचं मास्तर!" झुंबरबाई पदरातूनच म्हणाली.

माणूस जागीच थबकला. मग हळूच म्हणाला, "मडकी गळकी होती त्याची."

झुंबरबाईचं रडं तिथंच तुटलं. "गळकी आसतील न्हाईतर फुटकी! नवऱ्यानं टाकल्याली माजी लेक, तिला हात धरून शिकवलं त्या मानसानं. आज तिच्या माठाला पुन्यास्नं गिऱ्हाईक येतंय. तिचा माठ गळतुया का, इचार कुनालाबी! गेल्या मानसाला नावं ठेवतोस व्हय रं मुडद्या?"

मुडद्यानं डोळे पुसायला मफलर खाली ओढला. झुंबरबाईनं पाहिलं आणि भुशीपर्यंत ऐकू जाईल अशी किंकाळी फोडली!

आघाडीचा सोपान दचकून वळला. रांगेच्या शेपटाशी साक्षात मास्तर! शिंकाळं हातातून सुटलं. फट्! खापऱ्या रस्ताभर झाल्या आणि राख आभाळात गेली.

मास्तर वाट काढत पुढं आले. खापऱ्यांकडे पाहत म्हणाले, "मडकंही फोडलंत? काही म्हणून बाकी ठेवलं नाही!"

"मास्तर, हा... हा सत्कार होता," बाई कशाबशा म्हणाल्या. त्यांचे कान भट्टीच्या तोंडासारखे लाल झाले होते.

मास्तर उकिडवे बसले. राखेतून मानपत्र त्यांनी धोतराच्या सोग्यानं उचललं. पाटी अख्खी होती. 'आमचे हात घडवणाऱ्या मास्तरांस', एवढीच ओळ. पण ती वाचायला त्यांना फार वेळ लागला. धूर डोळ्यांत गेला असावा. मग त्यांनी बोटाच्या पेरानं पाटी वाजवून पाहिली. टण्ण नाही. थप्प!

"कच्चं आहे. कुणी भाजलं?"

"मी," सरोजिनीबाई म्हणाल्या.

"घाई केलीस." मास्तरांनी दोराचं भेंडोळं सोपानच्या हातात कोंबलं. "हा घे तुझ्या शिंकाळ्याला. मला नाही लागत आता. सरोजिनी, रविवारी ये. पुन्हा भाजू. आणि पुन्हा सत्कार करायचा झाला, तर ताशे लावून या!"

झुंबरबाईनं नाक पुसलं. "आन् मास्तर, आमी येवढं रडलो, त्ये?"

"ते आगाऊ जमा धरतो, झुंबरबाई!"