एकशे बारावा फॉर्म

पटवर्धन सरांच्या दारात कोणी पीएच.डी.वाला उभा राहिला, की सर "या" म्हणत नाहीत. "माणसं किती आणि प्रश्न किती?" असं विचारतात. माणसं प्रश्नांपेक्षा कमी निघाली, तर दार लागतं.

सर संख्याशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. कर्वेनगरात एकटेच राहतात, मुलगा अमेरिकेत. मानसशास्त्राचे आम्ही सगळे आकडे घेऊन त्यांच्याकडेच धावतो. आकडा पसंत पडला की सर त्याभोवती पट्टी लावून हिरव्या शाईचा चौकोन काढतात. हल्ली कॉम्प्युटरवर एक बटण दाबून दहा गोष्टींचा एकदम संबंध लावता येतो, याचा त्यांना भयंकर राग. "अहो मॅडम, गिरणीत खडे टाकलेत तरी पीठ पडतंच. आधी कच्चे फॉर्म वाचा."

मी वाचले नव्हते. माझा विषय होता, मुलं सॉफ्टवेअरपायी परदेशी गेलेल्या आईवडिलांचा एकटेपणा. कर्वेनगरापासून खडकीपर्यंतच्या सोसायट्यांमधून बिननावी फॉर्म वाटले, आकडे एका मुलीकडून कॉम्प्युटरवर भरून घेतले. निष्कर्षही छान निघाला: घरी माणसांची ये-जा असली आणि मुलांचा फोन येत असला, की एकटेपणा कमी.

एकशे बारावा फॉर्म तेवढा आडवा येत होता. एकेक उत्तर साधंच, पण सगळी एकत्र मांडली की हा गृहस्थ साऱ्यांपासून लांब. ये-जा रोजची, फोन दर रविवारी, आणि एकटेपणा पुरेपूर.

"काढू का, सर?" मी भीतभीतच विचारलं. "काढायला कारण लागतं," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. एका फॉर्मसाठी त्यांनी एका विद्यार्थ्याला पुन्हा खडकीला पिटाळलं होतं.

सर कागद बघत राहिले. मग म्हणाले, "काढा."

"कारण काय लिहू?"

"लिहा काहीतरी."

सरांच्या तोंडून 'काहीतरी' मी कधी ऐकलं नव्हतं. घरी येऊन पहिल्यांदाच फॉर्मचा गठ्ठा सोडला. 'बरोबरची खूण करा' असं मी छापलं होतं. एकशे बाराव्यावर मात्र प्रत्येक उत्तराभोवती पट्टीनं आखलेला हिरवा चौकोन होता. 'तुमची कोणी विचारपूस करतं का?' या प्रश्नापुढे चौकोनात 'कधीच नाही'.

रोजची ये-जा म्हणजे आम्हीच होतो. मला फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सरांचं दार वाजवलं.

"माणसं किती?"

"सगळी, सर. निष्कर्ष थोडा ढिला पडलाय, पण एकही काढलं नाही. काढायला कारण लागतं."

मग मी विचारलं, "तुम्ही जेवलात का?"

"हा प्रश्न तुमच्या फॉर्मवर नव्हता," सर म्हणाले, आणि दारातून बाजूला झाले. "या."